ऑरिनच्या नावाचा बाप्तिस्मा

त्या वर्षी पानगळ सुरू झाली तरी नॉवू गावात लोहाराच्या भात्याला विसावा नव्हता. गावकऱ्यांच्या नव्या ख्रिस्ती पंथाचा प्रेषित जोसेफ याला विरोधकांच्या जमावाने तुरुंगात घुसून मारले, त्याला वर्ष उलटून गेले होते. आता बाहेरच्या वस्त्यांवरची घरे आणि धान्याच्या गंजी पेटू लागल्या होत्या. वसंतात सगळ्या गावाने पश्चिमेला निघायचे ठरले होते, म्हणून दारोदारी गाड्या बांधणे चालले होते. केझाया टटल आपल्या अंगणात लहान मुलांना अक्षरे शिकवी. तिथेही गाडीसाठी आणलेल्या ओकच्या फळ्या वाळत पडल्या होत्या आणि मुले त्यांवर बसूनच धडे म्हणत.

एका दुपारी मुले घरी गेली, आणि फाटकाशी एक रुंद खांद्यांचा दाढीवाला माणूस येऊन थांबला.

"अजून त्याच काठीनं अक्षरं दाखवतेस, आई?"

केझायाच्या हातातली काठी खाली पडली. तो ऑरिन होता, तिचा एकुलता एक मुलगा. आणि ऑरिनला जाऊन तर चार वर्षे झाली होती.

तिने आधी त्याचे हात चाचपले, मग तोंड. रडली, आणि मग रडतच त्याच्यापुढे मक्याचा पाव आणि काकवी ठेवली. प्रेषिताचे म्हणणे ऑरिनच्या बापाने मनापासून मानले होते. "प्रेषिताला म्हणे टेकडीत देवाच्या ग्रंथाची सोन्याची पानं सापडतात, आपल्या शेतात नुसते धोंडेच कसे?" असे ऑरिन एकदा जेवताना म्हणाला, आणि बापाने त्याला दार दाखवले. तो आगबोटीवर भट्टीत लाकडे टाकायच्या कामाला लागला. पुढे त्या बोटीची वाफेची टाकी फुटली. भट्टीपाशी असलेला एकही माणूस वाचला नाही, अशी बातमी आली.

"मी दोन थांबे आधीच उतरलो होतो," ऑरिन म्हणाला. "कप्तानाशी वाजलं माझं."

"एक ओळ लिहायची होतीस रे."

"बाबांनी चुलीत घातली असती. ते गेल्याचं मला गेल्या महिन्यात कळलं. म्हणून आलो." त्याने अंगणातल्या फळ्यांकडे पाहिले. "तुला न्यायला आलोय. सेंट लुईला माझी खोली आहे. इथे राहिलीस तर जाळतील, आणि यांच्याबरोबर गेलीस तर वाटेत मरशील."

ती काही बोलणार एवढ्यात गाडीच्या चाकाचा तुंबा, मधला लाकडी गड्डा, खांद्यावर घेऊन हॅस्किनभाऊ आला. तो शेजारचा सुतार आणि धर्ममंडळीतला वडीलधारा. ऑरिनला पाहून तो मटकन फळीवर बसला.

"अरे, माणसानं मरावं तर नीट मरावं," श्वास परत आल्यावर तो म्हणाला.

ऑरिन हसला. मग त्याचे लक्ष म्हाताऱ्याच्या अंगाकडे गेले. "भाऊ, हा कोट माझा आहे."

"होता. तू गेल्यावर तुझ्या आईनं मला दिला." हॅस्किनभाऊला वाटले, पोराला थोडा धीर द्यावा. "आणि तुझ्या आत्म्याचंही सगळं रीतसर केलंय हो. तुझ्या नावानं तुझ्या आईला मीच नदीत बुचकळलं. वर आली ती गाणं म्हणतच."

"गाणं म्हणत?" ऑरिनने विचारले.

केझायाने मान खाली घातली. "बाप्तिस्मा न घेता गेलेल्याच्या वतीनं घरच्यांना पाण्यात उतरता येतं, असं प्रेषितानं शिकवलं. तू तसाच गेलास म्हणून मला झोप लागत नव्हती. त्या दिवशी वाटलं, माझं लेकरू हाती लागलं."

"मी तिकडे पिंपं उचलत होतो. आणि तू इथे गाणं म्हणून मोकळी झालीस."

खरे म्हणजे ती त्या दिवसापासून मोकळीच झाली होती. संध्याकाळच्या प्रार्थनेत ती आधी जिवंतांची नावे घेई आणि त्यांच्यासाठी देवाकडे मागे. मग गेलेल्यांची नावे घेई आणि नुसते आभार मानी. चार वर्षे ऑरिनचे नाव आभारात येत होते.

"मग माझं ते उतरणं याला लागू पडलं ना, भाऊ?" तिने हळूच विचारले.

हॅस्किनभाऊने तुंब्यावरून अंगठा फिरवला. "नाही, केझायाबहीण. जिवंत माणसाला स्वतःलाच पाण्यात उतरावं लागतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंट लुईला जाणारी बोट येण्याआधी मायलेक नदीवर गेले. थंडी पडली होती आणि पाण्यावर धुके होते. ज्या जागी ती त्याच्या नावाने पाण्यात उतरली होती, तिथेच केझाया थांबली.

"इथेच का?" ऑरिन म्हणाला. "चल, मी उतरतो. आत्ता, या कपड्यांनिशी. हॅस्किनभाऊला बोलाव. पण मग तू माझ्याबरोबर बोटीत बसायचं."

केझायाने टेकडीवरच्या पांढऱ्या मंदिराकडे पाहिले, मग मुलाकडे. एक हाक मारायचा अवकाश होता. हॅस्किनभाऊ वर रस्त्यातच उभा होता.

"तुझा विश्वास बसलाय का?" तिने विचारले.

"नाही. पण तुला झोप लागेल ना?"

तिने त्याचा हात धरला आणि काठापासून त्याला मागे आणले. "एकदा तुला न विचारता तुझं नाव पाण्यात घातलं. आता तुझं मन नसताना तुला नाही घालणार. सौद्यात तर नाहीच."

"मग नुसती चल. आई म्हणून."

"तुझे बाबा याच विश्वासानं इथे मातीत गेले. माझी माणसं गाड्या बांधतायत. मला जे खरं वाटतं ते पश्चिमेला चाललंय, बाळा. मी तुझ्याबरोबर आले, तरी अर्धीच येईन."

ऑरिनला बापाचा हट्ट ठाऊक होता. आईचा त्याने आज पहिल्यांदा पाहिला.

बोटीचा भोंगा वाजला तसा हॅस्किनभाऊ खाली आला आणि कोट काढू लागला.

"राहू दे, भाऊ," ऑरिन म्हणाला. "मेलेल्याचा आहे."

"घाल मुकाट्यानं. नदीवर वारा आहे."

कोट त्याला खांद्यांत बसेना. एकोणीस वर्षांच्या पोरासाठी केझायाने तो शिवला होता. शेवटी त्याने तो नुसताच पाठीवर टाकला, आईच्या कपाळाला ओठ टेकवले आणि फळीवरून बोटीवर चढला. वळण येईपर्यंत तो कठड्याशी उभा दिसत होता.

त्या दिवशीही तिने मुलांना शिकवले. संध्याकाळी ती एकटीच खाटेशी गुडघ्यांवर बसली. सवयीने ऑरिनचे नाव आभारापाशी येऊन थांबले. तिने ते मागे घेतले आणि पहिल्यापासून सुरुवात केली, जिवंतांपासून. त्याचे नाव घेतले, आणि मग काय मागावे ते तिला सुचेना. हात जोडून ती तशीच बसून राहिली. बाहेर हॅस्किनभाऊ सदऱ्यावरच तिच्या गाडीचे चाक ठोकत होता.