वरीलपैकी सर्व

सातपाटीच्या दर्पणला पुस्तकाचं वावडं होतं, पण त्याला अभ्यासू नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. बीएस्सीची सगळी वर्षं त्याने मोबाइलवरच्या 'गुणसाथी' ॲपवर काढली. प्रश्न आला की खाली चार पर्याय, बोट टेकवलं की टाळ्या. चुकलं तरी ॲप म्हणायचं, 'जवळ पोहोचलास!' एवढे लाड तर सख्ख्या आईनेही केले नव्हते. त्यातून त्याने एक मेख हेरली होती. 'वरीलपैकी सर्व' दिसलं की डोळे झाकून तेच दाबायचं, बहुतेक वेळा बरोबर येतं. मग प्रश्न वाचायची उठाठेव कशाला? कॉलेजही तोडीस तोड. प्रयोगशाळेत सर व्हिडिओ लावून चहाला जायचे आणि परीक्षेत पर्यायांचेच प्रश्न काढायचे.

एके दिवशी ॲपने दर्पणला 'राज्यात विसावा' ठरवलं. त्याची आई साखरबाई बाजारात मासे विकायची. पापलेटाबरोबर ही बातमीही ती गिऱ्हाइकांच्या पिशवीत घालू लागली. त्यातच बोईसरच्या एका रसायन कारखान्याने प्रयोगशाळेतल्या नोकरीसाठी दर्पणला बोलावलं, तेव्हा तिने अख्ख्या बाजाराला पेढे कबूल करून टाकले. नोकरी हुकली तर आईला शेजारणींत बसणं मुश्कील होईल, एवढं दर्पणलाही कळत होतं.

मुलाखतीला मुख्य केमिस्ट प्रतीक्षा सावे बसल्या होत्या. त्यांनी सोपाच प्रश्न विचारला.

"सल्फ्युरिक ॲसिड पातळ करायचंय. कसं कराल?"

दर्पण थांबला. बाईही थांबल्या. खाली काहीच येईना.

"मॅडम, ऑप्शन?"

बाईंना आधी वाटलं, आपल्याच ऐकण्यात चूक झाली. मग हसू दाबत त्यांनी एकेक बोट दुमडत पर्याय दिले.

"अ, ॲसिडमध्ये पाणी ओतायचं. ब, पाण्यात ॲसिड हळूहळू सोडायचं. क, दोन्ही एकदम ओतायचं. ड, वरीलपैकी सर्व."

दर्पणचा जीव भांड्यात पडला. "ड," तो म्हणाला आणि सवयीने टाळ्यांची वाट पाहत बसला.

"अ केलंत की ॲसिड उसळून तोंडावर येईल," बाई म्हणाल्या. "बाकीचे पर्याय करायला तुम्ही जागेवर नसाल. डोळे शाबूत आहेत तोवर घरी जा."

संध्याकाळी साखरबाई बाजाराच्या तोंडाशीच उभी होती. टोपलीत मासळीच्या जागी पेढ्यांचा पुडा होता, आणि मागे शेजारणी माना उंचावून बघत होत्या.

"दर्पण, लागली का नाय?"

दोनच पर्याय होते. त्यातला बरोबर कुठला, हे या खेपेला त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने तिसराच निवडला.

"जवळ पोचलो होतो, आई," तो म्हणाला.

साखरबाईने पुड्यावर पदर ओढला.

"जाळ्याजवळ पोचलेली मासळी मी कवा इकली नाय रे," ती म्हणाली आणि शेजारणींकडे न बघता घराकडे वळली.