आईच्या मांडीतलं पाडकाम

मार्थाबाई गायकवाडांच्या डाव्या मांडीच्या हाडात मंगळवारी दुपारी पाडकाम सुरू झालं. त्यांची मुलगी सुवार्ता जेवणाची ताटं विसळत होती. छिन्नीचे घाव तिला स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू आले.

"आई, दुखतंय?"

"नाही गं. पाडणारे नेहमीच येतात. त्यांच्यामागून बांधणारे येतात." मार्थाबाई मिरजेत तीस वर्षं नर्स होत्या, शरीराचं त्यांना नवल नव्हतं. "पण या खेपेला हे लवकर जातील असं दिसत नाही."

तीनच्या सुमाराला गुडघ्यातून मुकादम बाहेर आला. अंगभर पांढरी धूळ, काखेत जाडजूड पुस्तक.

"किती दिवस चालणार?" सुवार्तानं विचारलं.

"पान उघडं आहे तोवर, ताई." त्यानं पुस्तक उघडलं. "डोळ्यातल्या कामगारांकडे, काळजातल्यांकडेही हेच पुस्तक. ज्यानं त्यानं आपलं पान वाचायचं, बाकीची पानं दोऱ्यानं बांधलेली. आमचं 'पाडा'चं पान काम झालं की बांधलं जायचं. आता दोराच नाही."

"कुणी सोडला?"

"आम्हाला फक्त वाचता येतं."

सुवार्तानं शिवणाचा दोरा आणला आणि ते पान करकचून बांधलं. घाव थांबले. मार्थाबाईंनी सुस्कारा सोडला.

पण बांधणारे थांबले नाहीत. पाचपर्यंत मांडी इतकी जड झाली की मार्थाबाईंच्या खाटेचे पाय फरशीत रुतले. हाडातल्या पोकळ्या, जिथं रक्त तयार होतं, एकेक करून बुजत गेल्या. मार्थाबाईंचे ओठ कागदासारखे पांढरे पडले.

"सोड," त्या पुटपुटल्या. "थोडंसंच."

सुवार्तानं गाठ सोडवली आणि दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळलं. दोरा सैल केला की आत घाव पडत, ताणला की थांबत. दोन घाव, मग ताण. पुन्हा दोन. आईच्या ओठांवर हळूहळू रंग आला.

"असं किती वेळ धरायचं?" तिनं मुकादमाला विचारलं.

त्यानं तिच्या बोटाकडे पाहिलं. "तुमच्यातलं पुस्तक तुमच्या आईकडूनच आलंय ना?" एवढं बोलून तो पुस्तक घेऊन गुडघ्यात परत गेला; दोऱ्याचं टोक तेवढं बाहेर राहिलं.

आईला झोप लागली. सुवार्ता खाटेला टेकून बसली, हात अधांतरी. दोरा गुंडाळलेल्या बोटाच्या पेरात बारीक घाव पडू लागले आणि पांढरी भुकटी तिच्या मांडीवर सांडू लागली. तिनं दोरा सोडला नाही.