झिऱ्यात धुतलेलं पातेलं

आठवीपर्यंत मी वर्गात हजेरी अशी द्यायचे की बाईंना माझं नाव दोनदा घ्यावं लागायचं. नववीत गॅदरिंगचं सूत्रसंचालन करणारी मुलगी आजारी पडली, मला पुढे ढकललं, आणि माइकमधून माझाच आवाज सगळ्या मैदानावर पसरला. तो मला भयंकर आवडला! तेव्हापासून मी थांबलेच नाही. आई म्हणते, "जया, आपल्या भिसेगावाला आता भोंगा नको, तू पुरे आहेस."

त्यामुळे कॅम्पिंगची कल्पना अर्थातच माझी.

वर्गातल्या नमिराच्या मोबाइलवर आम्ही तिघी मैत्रिणी एक जपानी कार्टून बघायचो. शाळकरी मुली तंबू घेऊन डोंगरात जातात, शेकोटी पेटवतात, वाफाळत्या नूडल्स खातात आणि समोरच्या डोंगराकडे बघत बसतात. संपलं. कुणी ओरडत नाही, कुणी रडत नाही. परीक्षेच्या दिवसांत ते बघून डोकं कसं गार व्हायचं! आमच्यातली तिसरी म्हणजे भागी. ती कर्जतला मुलींच्या हॉस्टेलात राहते. तिचं घर कडावच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याला, ठाकरवाडीत.

"परीक्षा संपली की तुझ्या वाडीत कॅम्पिंग," मी जाहीर करून टाकलं.

"आमच्याकडं? आमच्याकडं काय हाय बघायला?"

"डोंगर!"

"तो तुझ्या गच्चीवरनं पन दिसतो की गं," भागी म्हणाली. पण ती आतून खूश झाली होती. वर्गातलं कुणी तिच्या घरी आजवर गेलेलं नव्हतं. तिनं हॉस्टेलातून वडिलांना, हिरामणकाकांना, तीनदा फोन केला. दर वेळी तेच विचारलं, "येऊ ना दोघींना घेऊन? नक्की ना?"

नमिराचा भाऊ फराज नदीकाठच्या एका रिसॉर्टवर तंबू लावायचं काम करतो. त्यानं एक जुना तंबू दिला. त्याची चेन अर्ध्यातच अडकायची. आईनं अट घातली, की भागीच्या अंगणातून हाक मारली तर ऐकू आली पाहिजे. आणि नमिराच्या अब्बांनी, युनूसचाचांनी, आम्हाला कोंबड्यांच्या टेंपोतून वाडीपर्यंत सोडलं. वाटभर माझ्या केसांत पिसं.

कार्टूनमध्ये थंडी असते. आमच्याकडे एप्रिल. तंबू ठोकेपर्यंत माझा टीशर्ट पिळून काढता आला असता. तरीही मी शेकोटी पेटवायला लावलीच.

"अगं, उकडतंय," नमिरा म्हणाली.

"हात शेक. फोटो काढायचाय."

भागीच्या आईनं आम्हाला नूडल्स करायला घरातलं पातेलं दिलं होतं. आम्ही गप्पांत रंगलो आणि तळाशी नूडल्स करपून घट्ट बसल्या. तेवढ्यात भागीला तिच्या आईनं भाकऱ्यांना मदत करायला हाक मारली म्हणून ती उठली. जाता जाता म्हणाली, "भांडी ऱ्हाऊ द्या हां. सकाळी मी घरी घासते."

आता, पाहुण्यांनी खरकटं दुसऱ्याच्या गळ्यात टाकायचं हे मला पटेना. कार्टूनमधल्या मुली तर आपापलं सगळं आवरतात! अजून चांगला उजेड होता. तंबूच्या खाली ओढा होता, कोरडा ठाक, नुसते गोटे आणि रेती. पण एका वळणावर, जांभळीखाली, रेतीत एक छोटा खड्डा दिसला. बादलीएवढा. कडेनं दगड नीट रचलेले, तळाशी काचेसारखं पाणी, आणि बाजूला एक करवंटी.

"नमिरा, बघ ना, किती गोड! कुणीतरी खेळात विहीर केलीय."

नमिरानं करवंटीकडे पाहिलं. "कुणाचं प्यायचं पाणी असेल गं."

"वेडी आहेस का? प्यायचं पाणी असं उघड्यावर ठेवतं का कुणी? वाडीत नळ आहे, मी येताना बघितला."

हे वाक्य मी बोलले. कितीतरी वेळा मनात खोडून पाहिलं, पण बोलले ते बोललेच.

मी घरून भांडी घासायचं लिक्विड आणलं होतं. (तयारी म्हणजे तयारी!) पातेलं खड्ड्यात बुडवलं, रेतीनं खसाखसा घासलं, तिथेच विसळलं. पाण्यावर फेसाचा डोंगर झाला तेव्हा त्याचाही फोटो काढला. पातेलं आरशासारखं चमकत होतं. भागी भाकऱ्या घेऊन आली तोवर अंधारलं होतं. मी पातेलं तिच्यापुढे नाचवलं.

"अय्या, कुठं घासलंस?"

"जादू!" मी म्हणाले.

सकाळी बायकांच्या आवाजानं जाग आली. तंबूतून बाहेर आले तर ओढ्यात पाच-सहा जणी उभ्या होत्या, काखेत हंडे, कळश्या. सगळ्यांच्या पुढे भागीची चुलती, कोंडीकाकी. ती खड्ड्यात वाकून बघत होती. फेस विरला होता, पण पाणी दुधाळ झालं होतं आणि त्यावर नूडल्सचे तुकडे तरंगत होते.

भागी अंगणातून धावत आली. तिनं खड्ड्यात पाहिलं, मग वर आमच्या तंबूकडे. पातेलं बाहेरच उपडं ठेवलेलं होतं.

"झिऱ्यात कुनी भांडी धुतली गं?" कोंडीकाकीनं विचारलं. आमच्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. भागीला विचारलं.

तेव्हा बायकांच्या बोलण्यातून मला कळलं. नळ होता, पण होळीनंतर त्याला पाणी नसतं. ओढ्यात खोदलेल्या त्या खड्ड्यात रात्रभर पाणी झिरपतं, आणि सकाळी सगळ्या घरांचं पिणं त्याच्यावर. झिऱ्याजवळ हातसुद्धा धुवायचा नाही, हे वाडीतल्या रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक. भागीनं आम्हाला ते सांगितलं नव्हतं, कारण असलं काही सांगावं लागतं हेच तिच्या डोक्यात आलं नसणार.

"मीच धुतली, काकी," भागी म्हणाली. "इसरले."

"इसरलीस?"

"व्हय."

"आगं, आठ म्हैनं हॉस्टेलात ऱ्हायलीस तर पानी इसरलीस तू?" कोंडीकाकीचा आवाज चढला. "तितं नळ सोडून मोकळी व्हतीस ना? मग तितंच ऱ्हा. हितं कशाला येतीस?"

भागी मान खाली घालून उभी. आणि मी? गॅदरिंगला आठशे लोकांपुढे बोललेली मी? मी तिथेच होते, दहा पावलांवर. मी माझ्या पायाच्या बोटांकडे बघत होते. एका नखाचं नेलपॉलिश निघालं होतं, तेवढं मला अजून आठवतं.

बायका रिकामे हंडे घेऊन खालच्या वाटेला लागल्या. तिकडे कुणा मुंबईवाल्याचं फार्महाऊस आहे. तिथल्या विहिरीवर पाणी मिळतं, रखवालदाराची मर्जी असली तर. अर्धा तास जायला, भरलेल्या हंड्यानं पाऊण तास यायला.

भागी खड्ड्याशी बसली आणि करवंटीनं घाण पाणी उपसून लांब फेकायला लागली. आम्हाला म्हणाली, "तुमी चहा घ्या जा. आईनं ठेवलाय."

ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"तू सांगतेस की मी सांगू?" नमिरानं माझ्या कानाशी विचारलं.

मी पळत सुटले. चपलेचा पट्टा तुटला, ती हातात घेतली. फार्महाऊसच्या फाटकापाशी बायका सावलीला बसल्या होत्या. रखवालदार आतून म्हणत होता, "थांबा, साहेबांची अंघोळ होऊ दे." मी धापा टाकत कोंडीकाकीपुढे उभी राहिले आणि माझ्या त्या माइकच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाले, "काकी, मी धुतलं पातेलं. भागीनं नाही. भागीला माहीतसुद्धा नव्हतं."

मला वाटलं होतं, आता मोकळं वाटेल.

कोंडीकाकी हंडा काखेत घेऊन उठली. मग म्हणाली, "म्हंजे आमची पोर माझ्या तोंडावर खोटं बोलली?"

"नाही, म्हणजे, ती मला वाचवायला…"

"तुला वाचवायला?" तिनं हंडा खाली ठेवला. "आमी काय तुला खानार व्हतो, बाय?"

मागची एकजण हसली. दुसरी म्हणाली, "हेच शिकायला धाडलीय व्हय हिरामणनं पोरगी?" कोंडीकाकीनं तिला गप्प केलं. मला एवढंच म्हणाली, "जा. उन्हाची अनवानी फिरू नको."

परत येताना मी चालत आले. भागीचा खड्डा उपसून झाला होता. ती आता कडेची साबणाची रेती ओंजळीनं काढत होती. नमिरा ती पिशवीत भरून लांब टाकत होती.

"मी सांगितलं काकीला," मी म्हणाले.

भागीचे हात थांबले. "कुठं?"

"फाटकापाशी."

"समद्यांसमोर?"

मी मान डोलावली.

"काकीला एकटीला बाजूला घेऊन सांगता आलं नाय तुला?" तिचा आवाज अगदी हळू होता. "मी इसरले असं म्हनले, तर समदे दोन दिवस बोलले असते. आता काय म्हनतील? भागी शहरातल्या पोरींसाठी घरच्यांशी खोटं बोलती. आईला कोन काय काय ऐकवंल, तुला ठाव हाय?"

मला ठाऊक नव्हतं. पातेलं धुताना नव्हतं आणि फाटकापाशीही नव्हतं. दोन्ही वेळा मात्र मी आधी करून मोकळी झाले होते.

"मी काय करू, भागी?"

"उपस."

मी बसले. तळाशी पुन्हा पाणी जमायला लागलं होतं, रेतीतून थेंब थेंब, इतकं सावकाश की टक लावून बघितलं तर जमतच नाही असं वाटायचं. दोन करवंट्या भरतील एवढं झालं की मी ते काढून लांब, पार बांधाच्या पलीकडे टाकून यायचे. बायका डोक्यावर हंडे घेऊन वरून गेल्या. मागाहून हंडा घेऊन गेलेली भागीची आईही त्यांच्यात होती. तिनं हाक मारली नाही. मी मान वर केली नाही.

अकराच्या सुमाराला वाडीच्या तोंडाशी युनूसचाचांच्या टेंपोचा हॉर्न वाजला. नमिरानं माझ्याकडे पाहिलं.

"त्यांना सांग, थांबा म्हणावं," मी म्हणाले. ती गेली.

भागीनं नवीन जमलेलं पाणी ओंजळीत घेतलं, हुंगलं, घोटभर तोंडात घेतलं आणि बाजूला थुंकली.

"अजून साबन लागतोय," ती म्हणाली.

मी तेही पाणी काढलं आणि बांधापलीकडे टाकायला उठले.