सारखं की वेगळं

शलाकाच्या घरी मोठे निर्णय माणसं घेत नसत, देव घेई. माणसं फक्त चिठ्ठ्या लिहीत.

झाशीत लक्ष्मी गेटजवळ राहणाऱ्या या मराठी कुटुंबात ही रीत फार जुनी होती. मूळ पुरुष गुरसरायच्या जहागिरीत कारकुनी करायला आला, पुढे झाशीला यावं की नाही असा पेच पडला, तेव्हा म्हणे त्यानं देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकल्या. तेव्हापासून दोन घड्या, त्यांवर कुंकवाचं बोट, चांदीची वाटी, आणि घरातल्या मुलीनं आंघोळ करून एक उचलायची. निघेल ते मान्य. जी उचलली नाही ती उघडायची नाही, ती गणपतीच्या निर्माल्याबरोबर पाण्यात जायची. उघडून पाहणं म्हणजे देवावर संशय घेणं. शलाकाचे बाबा रघुनाथ यांचं लग्नही या वाटीतूनच ठरलं होतं, आणि दुसऱ्या चिठ्ठीत कुणाचं नाव होतं हे तिच्या आईला, अनुसूयाबाईंना, सव्वीस वर्षांत कळलं नव्हतं.

गेल्या जूनमध्ये ती वाटी शलाकासाठी निघाली.

शलाकानं स्पीच थेरपीची पदवी घेतली होती. बोलता न येणाऱ्यांना बोलायला शिकवायचं, असं ती शेजाऱ्यांना सांगे, आणि शेजारी म्हणत, म्हणजे मुक्यांची टीचर. पुढे एम.एस्सी. करायची म्हणून तिनं सहा ठिकाणी फॉर्म भरले, प्रवेश परीक्षा दिल्या, आणि दोन जागा हातात आल्या. एक मंगळूरची. तिथे मेंदूला इजा होऊन भाषा गेलेल्या लोकांसाठी स्वतंत्र विभाग होता, रोज पाच भाषांतले पेशंट येत, आणि तिथल्या प्राध्यापिकेनं तिचा अर्ज वाचून स्वतः ईमेल केली होती. दुसरी ग्वाल्हेरची. तिथलं कॉलेज नवं होतं, शिकवायला दोन माणसं होती आणि पेशंट जवळजवळ नव्हतेच. पण ग्वाल्हेर दीड तासावर. सकाळी गाडीत बसावं, संध्याकाळी घरी. बाबा रेल्वेत, त्यामुळे घरातली सगळी भूगोलविद्या ‘अप-डाउन करता येतं की नाही’ एवढ्यावरच बेतलेली.

प्राध्यापिकेला भावलेल्या त्या अर्जात शलाकानं आबांबद्दल लिहिलं होतं. आबा म्हणजे तिचे आजोबा, अनंतराव. पस्तीस वर्षं झाशीच्या कंट्रोल ऑफिसात बसून त्यांनी फोनवरून गाड्या हाकल्या. त्यांचा आवाज ऐकला की बिना ते आग्रा सगळे स्टेशनमास्तर खुर्चीत सरळ बसत, असं सांगतात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना लकवा मारला आणि तो आवाज गेला. हॉस्पिटलच्या थेरपिस्टनं महिनाभर हिंदीत प्रयत्न केले आणि हात टेकले. शलाकाच्या मात्र एक गोष्ट लक्षात आली. आबांची हिंदी गेली होती, बुंदेली गेली होती, कंट्रोलची इंग्रजी गेली होती. लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेली मराठी तेवढी खाली कुठेतरी शिल्लक होती. तिची स्वतःची मराठी बेताचीच, अर्धी हिंदीच्या कुबड्यांवर चालणारी. तरी ती रोज सकाळी आबांसमोर बसू लागली. वर्षभरात आबा पाणी म्हणाले, दार म्हणाले, तिचं नाव म्हणाले. त्या दिवशी ती मोरीत जाऊन रडली होती.

प्रत्येक बरोबर उत्तराला ती म्हणे, “शाबास, आबा.” पुस्तकात तसंच शिकवलेलं, लगेच आणि उत्साहानं दाद द्यावी म्हणून. सुरुवातीला आबांच्या कपाळाला आठी पडे. नातीकडून शाबासकी घ्यायची त्या माणसाला सवय नव्हती. मग सवय झाली.

मंगळूरला हो किंवा नाही शुक्रवारी पाचपर्यंत कळवायचं होतं. बाबा आठवडाभर ‘बघू, बघू’ करत राहिले. रघुनाथना नाही म्हणणं कधी जमलं नाही. ऑफिसात जमलं नाही, घरात जमलं नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही तो माणूस चांगला असतो असा एक गैरसमज सगळीकडे आहे, त्याचा फायदा त्यांना आयुष्यभर मिळाला. गुरुवारी सकाळी ते म्हणाले, “बेटा, चिठ्ठ्या टाकून घेऊ न. मन साफ होऊन जाईल.”

शलाका शिकलेली मुलगी. तिनं हसून उडवून लावायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तिलाही चिठ्ठी हवीच होती. मंगळूर निघालं तर देवानं पाठवलं, आबांना सोडून मी गेले नाही, असं स्वतःला सांगता आलं असतं. बापाला जसे हात झटकायचे होते तसेच लेकीलाही. म्हणून ती हो म्हणाली.

तेव्हा ती आबांबरोबर बसली होती. फोन स्टीलच्या पेल्याला टेकवून ठेवलेला, कारण रोजचं बसणं ती रेकॉर्ड करत असे. त्या आठवड्याचा व्यायाम सोपा होता. दोन चित्रं समोर ठेवायची आणि विचारायचं, “सारखं की वेगळं?” दोन कप, सारखं. कप आणि कंगवा, वेगळं. आबांना ‘सारखं’ छान जमू लागलं होतं. इतकं, की तो शब्द जिभेवर बसला होता आणि चहा समोर आला तरी ते ‘सारखं’ म्हणत. या आजारात एखादा शब्द असा अडकतो. शलाकाला ते शिकवलेलं होतं, आणि शिकवलेलं तिला सगळं पाठ होतं.

“जा, आंघोळ करून ये,” बाबा म्हणाले. “मी लिहितो तोवर.” लिहिण्याजोगं टेबल आबांच्या खुर्चीपाशीच होतं.

ती ओल्या केसांनी परत आली तेव्हा वाटी देवापुढे होती. आईनं निरांजन लावलं. शलाकानं डोळे मिटून डावीकडची घडी उचलली, उघडली. बाबांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: ग्वाल्हेर.

तिनं ती घडी होती तशी मिटली. मग म्हणाली, “ठीक आहे.”

“सारखं,” आबा खुर्चीतून म्हणाले.

तिला त्या क्षणीही त्यांचं कौतुक वाटलं. “शाबास, आबा.”

“सारखं.” त्यांनी चांगला हात वर केला, दोन बोटं दाखवली. “दोन. सारखं.”

“हो आबा, बरोबर. आता नको हं, व्यायाम नंतर करू.”

आबांनी तो हात टेबलावर आपटला. पेला पडला, फोन पडला. चेहरा लाल झाला होता, तोंडातून लाळ आली. शलाकानं ती पदराइतक्या मायेनं ओढणीनं पुसली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “दमले ते आज,” बाबा म्हणाले. फोन उचलून तिनं रेकॉर्डिंग बंद केलं. त्या फाइलला ‘अर्धवट’ असं नाव दिलं आणि कित्येक महिने ती उघडली नाही.

शुक्रवारी तिनं मंगळूरला नकार कळवला. प्राध्यापिकेची एक ओळ आली, की वाईट वाटलं, पण तुझ्या आजोबांचं काम थांबवू नकोस.

काम आपोआप थांबलं. त्या गुरुवारनंतर आबांनी व्यायाम सोडला. ती चित्रं मांडे, ते खिडकीबाहेर बघत. ती विचारी, ते डोळे मिटून घेत. गणपतीपर्यंत पाणी गेलं, दार गेलं. दिवाळीला तिचं नावही गेलं. शलाका पहाटे उठून ग्वाल्हेरची गाडी पकडे, थकून घरी येई, तरी अर्धा तास त्यांच्यासमोर बसे. रोजच्या नोंदीत तिनं लिहिलं, ‘रुग्णाचा प्रतिसाद घटला आहे. प्रेरणेचा अभाव.’ कॉलेजातल्या सरांना ही नोंद फार नेमकी वाटली. त्यांनी ती वर्गात वाचून दाखवली.

फेब्रुवारीत सरांनी काम दिलं. एकाच पेशंटची पाच रेकॉर्डिंगं घ्यायची आणि शब्दन् शब्द लिहून काढायचा, श्वास, खोकला, सगळं. चार चांगली निघाली. पाचवं हवं म्हणून तिनं परतीच्या गाडीत ‘अर्धवट’ उघडलं. डबरा गेलं होतं. कानात इअरफोन, मांडीवर वही.

सुरुवातीला तिचाच आवाज. कप, कंगवा, शाबास. मग बाबांची हाक, तिच्या चपलांचा आवाज, दूर मोरीचं दार लागलं. फोन चालूच राहिला होता. खुर्ची सरकली. कागद फाडल्याचा आवाज. पेन. पुन्हा पेन. मग आबांचं, “हं? हं?”

आणि बाबा, अगदी हळू. “काय बघताय, आबा? तिच्याच भल्याचं आहे. इतक्या लांब एकटी काय करणार ती? आणि तुमचं कोण करणार?” मग बाबा हसले. “आणि तुम्ही सांगणार तरी कुणाला.”

ते हसणं दुष्ट नव्हतं. घरगुती होतं, रोजच्या जेवणावरचं होतं, आणि म्हणूनच तिला ते जास्त झोंबलं. तिनं रेकॉर्डिंग थांबवलं नाही. पुढे निरांजनाची काडी ओढल्याचा आवाज आला. तिचं ‘ठीक आहे’ आलं. मग आबा.

सारखं. दोन. सारखं.

‘दोन’ हा शब्द तिनं त्यांना शिकवलेलाच नव्हता. लकव्यानंतर तो त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला होता, तिच्यासाठी, कुठून कुठून ओढून आणून. आणि उत्तरादाखल तिचा स्वतःचा गोड, प्रशिक्षित आवाज कानात आला. शाबास, आबा.

दतिया कधी गेलं तिला कळलं नाही. झाशीला उतरली तेव्हा वहीचं पान कोरंच होतं.

घरी बाबा चहा घेत बसले होते. तिनं फोन टेबलावर ठेवला आणि ते पाऊण मिनिट लावलं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

बाबांनी कप खाली ठेवला. “मी वाईट केलं काय तुझं? रोज घरचं जेवतेस न. आबांजवळ आहेस न.”

“आबांजवळ आहे,” शलाका म्हणाली. “आबा कुठे आहेत, बाबा? दिवाळीपासून एक शब्द नाही. मी वाट्टेल ते करून पाहिलं. त्यांना काय झालं हे एकट्या तुम्हाला माहीत होतं.”

“लकव्याचं असंच असतं. डॉक्टरच म्हणाले होते.”

“तुम्हाला नाही म्हणायचं होतं तर तोंडानं म्हणायचं होतंत. मी भांडले असते, रडले असते. माझ्याच हातानं का उचलायला लावलीत?”

बाबा आईकडे पाहू लागले. आई देवघराकडे पाहत होती, आणि तिच्या मनात काय चाललं होतं ते फक्त तिलाच ठाऊक. सव्वीस वर्षांपूर्वीची वाटी तिला आठवली असावी. “ती दुसरी उघडायची नसते,” ती एवढंच म्हणाली, आणि आत जाऊन पोळ्या लाटू लागली. लाटण्याचा आवाज मात्र नेहमीपेक्षा मोठा होता.

“मंगळूरचे फॉर्म फिरून निघतील न मार्चमध्ये?” बाबा समजुतीच्या सुरात म्हणाले. “भरून टाक. पाहिजे तर या वेळी चिठ्ठ्या तू लिही.”

शलाकाला या माणसाचा राग यायला हवा होता आणि तो आलाही, चांगला कडकडीत आला. पण त्या रागाला बाबांपाशी थांबता येईना. बाबा खोटं बोलले होते, ते बोलणारच होते. खरं बोलणाऱ्याचं तिनं ऐकलं नव्हतं. सहा ठिकाणचे अर्ज, प्रत्येकात तिनं एकच वाक्य घोळवून लिहिलं होतं, की मला माझ्या आजोबांचं म्हणणं ऐकायचं आहे.

ती आबांच्या खोलीत गेली. ते खिडकीपाशी खुर्चीत होते, गुडघ्यांवर शाल. पेशंटच्या डोळ्यांच्या उंचीवर बसावं असं शिकवलेलं, तशी ती बसू लागली आणि मध्येच थांबली. मग सरळ जमिनीवर बसली, त्यांच्या पायांशी.

“आबा,” ती म्हणाली, “त्या चिठ्ठ्या सारख्या होत्या. तुम्ही सांगत होता. तुमचं बरोबर होतं.”

आबांनी मान वळवली. ते तिच्याकडे पाहू लागले. तिनं त्यांचा हात धरला, त्यांनी तो धरू दिला. मग त्यांचे ओठ हलू लागले. तिनंच शिकवलं होतं तसे त्यांनी आधी गाल सैल सोडले, श्वास घेतला, जीभ जागेवर आणली. तिनं सवयीनं श्वास रोखला.

“शाबास,” आबा म्हणाले.

शब्द स्वच्छ आला होता, दिवाळीनंतरचा पहिला, आणि सूर हुबेहूब तिचा होता. मग त्यांनी हात सोडवून घेतला आणि तोंड पुन्हा खिडकीकडे केलं.