डबीतल्या पेशी

"आधी तो कपडा काढ!" धाकटी दारातूनच ओरडली.

ताई शिलाई मशीनपाशी बसली होती. इस्त्रीवर तापवलेल्या फडक्याची घडी तिने उजव्या छातीवर दाबून धरली होती. शेजारी वाटीत हिरवा लगदा. आज सकाळी ती इस्पितळात दाखल व्हायची होती, उद्या ऑपरेशन. पेशंट आलाच नाही म्हणून धाकटीच्या प्रयोगशाळेत फोन गेला आणि ती पांढऱ्या कोटातच धावत सुटली. दाराच्या कडीत अडकून कोटाचा खिसा टरकन फाटला, पण तिकडे तिचं लक्षच नव्हतं.

"ओरडतेस काय? शेजारीपाजारी गोळा होतील."

"कधीपासून चाललंय हे?"

"तू सांगितलंस तेव्हापासून."

धाकटीने वाटी उचलून हुंगली. प्रयोगशाळेतलाच पाला.

स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी डबीत वाढवायच्या, त्यांवर झाडपाल्याच्या अर्काचे थेंब सोडायचे आणि डबी गरम पाण्याच्या टाकीत ठेवायची, ही धाकटीची रोजची हमाली. नुसत्या अर्काने पेशींना फारसं काही होत नसे, नुसत्या उष्णतेनेही नाही. दोन्ही एकदम दिलं की कधी कधी पटापट मरत. ताईच्या गाठीचं कळल्यापासून धाकटी घरी येऊन हेच रंगवून सांगे, कारण ऐकताना ताईचा चेहरा उजळायचा. ज्या दिवशी पेशी मरत नसत, त्या दिवशी या धाकट्या बाईसाहेब डोकं दुखतंय म्हणून लवकर झोपत. आता घ्या!

"अगं ताई, ते सगळं डबीतलं. डबीत फिनेल ओतलं तरी मरतील त्या. म्हणून काय फिनेल पिशील?"

"फिनेलचं तू बोलली नव्हतीस."



"डॉक्टरांनी इतकं समजावलं तुला..."

"डॉक्टर परका माणूस. तुला मी वाढवलंय." ताईचा आवाज चिरकला. "समोरच्या बाईंचा हात बघितलास ना? याच ऑपरेशननंतर सुजून खांब झालाय नुसता. कात्री धरवत नाही. माझा उजवा हात असा झाला तर मी काय करू? शिलाईच्या दुकानात बसून माशा मारू?"

"सगळ्यांचा नाही सुजत. व्यायाम असतात त्याला. आणि सुजलाच, तर कापड मी कापीन. तू नुसत्या खुणा कर."

"तू? तुला सरळ रेघ मारता येत नाही, मेले!"

दोघींनाही हसू फुटलं, पण तेवढ्यापुरतंच. धाकटीने पुढे होऊन फडकं उचललं. खाली कातडी लालभडक, आणि मधोमध पाण्याने टरारलेला फोड.

"चल. आत्ताच्या आत्ता."

ताई हलेना.

"ताई, पाया पडते तुझ्या. तुझा हात गेला तर गेला, मला तू हवीस गं." असं ती जन्मात कधी बोलली नव्हती. बोलता बोलता ती रडायलाच लागली.

ताईने मशीनवर कापड पांघरलं आणि चपला शोधू लागली.

इस्पितळात डॉक्टरबाईंनी फोड बघितला आणि त्यांचे ओठ घट्ट मिटले. "नेमकं इथेच चिरायचं होतं. हे भरून आल्याशिवाय चाकू लावता येणार नाही."

"तोवर गाठ थांबेल?" ताईने विचारलं.

"तसं वचन मी देऊ शकत नाही. इथेच राहा, रोज बघू. जखम भरली की लगेच करू."

डॉक्टरबाई गेल्या. धाकटी खाटेच्या कडेला मान खाली घालून बसली. तिला तोंड दाखवायची लाज वाटत होती. ताईने मलमपट्टी सांभाळत पिशवी जवळ ओढली आणि सुईदोरा काढला.

"कोट काढ. खिसा लोंबतोय."

"राहू दे गं आता."

"काढ म्हणते ना."

पहिला टाका घालताना तिचा हात अवघडला. ती थांबली, श्वास घेतला आणि पुन्हा सुई उचलली.

"उद्या कामावर जा," ती म्हणाली. "आणि संध्याकाळी येऊन सगळं सांग मला. मरत नाहीत त्यांचंही."



"कालच्या नाही मेल्या, ताई."

ताईने खिसा तळहातावर पसरून शिवण ओढून बघितली आणि दाताने दोरा तोडला.

"बरं," ती म्हणाली. "आता घाल कोट."