वहीच्या नवव्या पानावरची पिवळी ओळ

मित्रांनो, पेनांच्या डबीत तळाशी जो जाडजूड, पिवळ्या टोकाचा दिसतो ना, तो जुना हायलायटर मी. आता पार कोरडा पडलोय, खोटं कशाला बोलू? वायरमन बाबांनी मला आणलं तेव्हा मी रंगाने गच्च भरलेलो होतो. सुपरवायझरच्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले होते. गुडघा दुखायचा, शिडी चढवत नव्हती. ही तिसरी वेळ शेवटची. नाहीतर निवृत्तीपर्यंत तोच गुडघा आणि तीच शिडी.

रोज संध्याकाळी बाबा पुस्तक उघडायचे आणि मी सुटायचो. परिच्छेदच्या परिच्छेद पिवळे! बाबा बायकोला पान दाखवून म्हणायचे, ‘बघ, केवढा अभ्यास झाला.’ माझी छाती फुगायची.

मग त्यांची शिक्षिका लेक माहेरी आली. तिने पुस्तक चाळलं.

‘बाबा, पुस्तकाला कावीळ झालीय का?’ ती हसली. ‘वर्गातल्या मुलांना सांगते तेच सांगते. पाच ओळी वाचा, पुस्तक मिटा आणि काय कळलं ते तुमच्या शब्दांत लिहा.’

आणि तिने पुढ्यात एक वही ठेवली. त्या दिवसापासून माझं टोपण निघेना. ती हलक्या कागदाची, कोपरे मुडपलेली वही बाबांच्या मांडीवर, आणि मी डबीत! माझा नुसता जळफळाट झाला. तिच्यात होतं काय? खाडाखोड आणि गिचमिड अक्षर. बाबांचं काहीतरी चुकावं आणि या सटवीची खोड मोडावी, असं मी रोज मनात म्हणायचो.

आणि चुकलंच. नवव्या पानावर बाबांनी लिहिलं, ‘मेन स्विच बंद करावा. तारेत वीज नाही ना, ते टेस्टरने बघावं. मग काम करावं.’

लेकीने विचारलं, ‘आणि टेस्टरच बिघडलेला असला तर?’

बाबांनी पुस्तक उघडलं. टेस्टर आधी चालू विजेवर लावून तपासावा, असं तिथे स्पष्ट छापलं होतं. मी त्या ओळीवरून दोनदा फिरलो होतो.

‘हे वाचलंय की मी,’ बाबा हळूच म्हणाले.

‘रंगवलंय, बाबा. वाचलंत आत्ता.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या वहीची फजिती बघायला मी टपलो होतो, तिनेच बाबांची चूक दाखवून दिली. मी तर ती रंगाखाली झाकून ठेवली होती.

बाबांनी सुटलेली पायरी वहीत लिहिली. मग मला उचललं आणि तेवढ्या एकाच ओळीवरून फिरवलं.

बाबा पास झाले. आता ते खाली उभे राहून शिडीवरच्याला विचारतात, ‘टेस्टर तपासलास ना?’ वहीला लेकीने प्लास्टिकचं कव्हर घातलंय. मी बिनटोपणाचा डबीत पडलोय.

मित्रांनो, वाचलेलं आधी आपल्या शब्दांत लिहा आणि सुटेल तेवढ्यावरच रंग लावा. आणि हो, टोपण लावत जा, बाबा विसरले. त्या वहीचा मला अजून राग येतो. पण तिच्या नवव्या पानावर मी आहे, आणि तिथून मला कोणी हलवू शकत नाही.