घरची खूण

ओट्यावर बसलेल्या मल्हारीनं टोमॅटोचं आकसून बोकडलेलं पान मुठीत चुरगळलं. मेंढरं मेल्यावर लावलेलं हे पीकही विषाणूनं गिळलं होतं. पुण्यात वनस्पतींचा अभ्यास करणारी लेक सोनम सुट्टीला मांडवगणात आली होती. तिच्यावरच तो खेकसला, "एवढासा रोग पार आत घुसतोच कसा?"

"आप्पा, पानाच्या पेशीत केंद्रक असतं. सगळा कारभार तिथनं चालतो. त्याला दारं हायत. प्रथिनं बाहेर तयार होत्यात. ज्याच्यावर आत जायची खूण असंल, त्याला वाहक धरून आत नेत्यात. विषाणूच्या प्रथिनावर बी तसलीच खूण असती."

"वाहक तोंड बघत न्हाई?"

"न्हाई. खूण बघतो."

मल्हारीला गेल्या सालची मेंढरं आठवली. नवं जनावर तो रोगाच्या धास्तीनं चार दिवस कळपापासून लांब बांधायचा. पण बाजारात विकलेली मेंढी गेल्या साली आपल्या पायानं परत आली, तेव्हा कानाला पाडलेली घरची खाच ओळखून त्याच्या बायकोनं, गिताबाईनं, तिला हळदकुंकू लावून कळपात घेतलं. महिन्यात तिनं आणलेल्या रोगानं सगळी मेंढरं गेली. तेव्हापासून "तूच कळप खाल्लास," असं तो बायकोला चारचौघांत सुनवायचा.

"मंग वाहकाचा गुन्हा काय गं?" त्यानं हळूच विचारलं.

"कसला गुन्हा, आप्पा? खूण घरचीच दिसती की."

आत गिताबाईचा भाकरी थापायचा आवाज थांबला.

मल्हारीनं दाराकडं पाहिलं. ओठ हलले. मग पान झटकून तो उठला आणि बांधाकडं चालू लागला. मागं थापायचा आवाज परत सुरू झाला.